प्रश्नावली आईच्या हाती, उत्तर आजीपाशी

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, तेव्हा श्रीवर्धनच्या पाखाड्यांतून सकाळी जे रडणे ऐकू येत असे, ते आता बहुतेक निवळले आहे. पहिल्या आठवड्यात आजोबांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून शाळेच्या फाटकापाशी अडून राहिलेली मुले आता छत्री मिरवीत पुढे पळतात आणि मागे वळूनही पाहत नाहीत. काही घरांत मात्र जुलैचा पहिला पंधरवडा उलटला तरी दिवस उजाडतो तो पोटदुखीच्या तक्रारीनेच. न्याहारीचा घास घशाखाली उतरत नाही, गणवेश अंगावर चढविताना हुंदके सुरू होतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो की हे लाडाने झाले आहे, की याला काही औषध आहे.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न आई-वडिलांपेक्षा आजी-आजोबांना अधिक पडतो. पोटामागे गाव सोडून जाणे या किनाऱ्याला नवे नाही. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढे मुंबईच्या नोकऱ्या आल्या, आखाती देशांतील कामे आली. कर्ती माणसे दूर आणि लहान मुले गावच्या घरी, अशी व्यवस्था अनेक कुटुंबांत रूढ झाली. त्यामुळे मूल दवाखान्यात येते ते आजीचे बोट धरून, आणि डॉक्टर ज्याला ‘पालकांचे निवेदन’ म्हणतात ते करण्याची जबाबदारीही पुष्कळदा आजीवरच येऊन पडते. ते निवेदन नीट कसे करावे, आणि त्यात कोणती चूक हमखास होते, हे आज पाहू.

भीती कोठवर स्वाभाविक

आपले माणूस दृष्टीआड झाले की मूल कासावीस होते, हे मुळात निरोगी वाढीचे लक्षण आहे. साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास ही भीती दिसू लागते. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू ओसरते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात लिहिलेल्या तीन खंडांत मुलाच्या या बंधाचा सविस्तर विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचे सार आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्या माणसापाशी मुलाला निर्धास्त वाटते ते माणूस जवळ असावे ही मुलाची भुकेसारखीच मूलभूत गरज आहे. अशा माणसाला आपण येथे ‘आधाराचे माणूस’ म्हणू. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

शाळा सुरू होताना, बिऱ्हाड बदलताना किंवा घरात मृत्यू झाल्यावर मोठ्या मुलातही ही भीती काही दिवस डोके वर काढते. तेवढ्यावरून तिला विकार म्हणत नाहीत. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत वियोगचिंतेच्या विकाराची आठ लक्षणे दिली आहेत. सोप्या शब्दांत ती अशी:

१. घरापासून किंवा आधाराच्या माणसापासून दूर होताना, किंवा तशी नुसती कल्पना आली तरी, वारंवार अतिशय त्रास होणे.
२. त्या माणसाला आजार, अपघात, मृत्यू असे काही होईल, ही सततची काळजी.
३. आपण हरवू, कोणी पळवून नेईल, आपल्याला काही होईल आणि ताटातूट होईल, अशी काळजी.
४. या भीतीपोटी शाळेत किंवा अन्यत्र जाण्यास नकार.
५. घरातसुद्धा एकटे राहण्याची भीती.
६. त्या माणसाशिवाय झोपण्यास, किंवा परक्या घरी रात्री राहण्यास नकार.
७. ताटातुटीची वाईट स्वप्ने पुन्हा पुन्हा पडणे.
८. दूर होण्याच्या वेळी डोके दुखणे, पोट दुखणे, मळमळ, उलटी.

यांपैकी किमान तीन लक्षणे, मुलांमध्ये किमान चार आठवडे टिकलेली, वयाच्या मानाने अधिक, आणि शाळा, खेळ किंवा घर यांत खरोखरचा अडथळा आणणारी असतील, तरच डॉक्टर विकाराचा विचार करतात. म्हणूनच जूनमध्ये घाबरून धावपळ करू नये असे मी सांगतो, आणि जुलैच्या मध्यावर मात्र नीट लक्ष द्या असे म्हणतो. चार आठवडे आता पूर्ण झाले आहेत.

एका मुलीविषयी तीन उत्तरे

एक उदाहरण सांगतो. ते एका घराचे नाही. अनेक घरांतील अनुभव एकत्र करून, कोणाची ओळख पटू नये अशा रीतीने मी ते मांडले आहे.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीतली. आई-वडील दोघेही मुंबईला नोकरीत. तिसऱ्या वर्षापासून ती श्रीवर्धनला आजीजवळ वाढलेली. पहिली-दुसरीत आनंदाने शाळेत गेली. या जूनपासून मात्र आठवड्यातले दोन-तीन दिवस पोटदुखीने घरी. लघवीची तपासणी झाली, जंताचे औषध झाले, पोटात काही निघाले नाही. म्हणून चिंतेच्या मोजमापाची प्रश्नावली भरून घ्यायचे ठरले.

अशा प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात. ऑस्ट्रेलियातील सुझन स्पेन्स यांची एक प्रसिद्ध आहे. दुसरी बोरिस बिरमाहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या प्रचलित आवृत्तीत एकेचाळीस विधाने असून त्यांपैकी आठ वियोगचिंतेची आहेत. प्रत्येक विधान मुलाला कितपत लागू पडते, त्याला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. पालकांसाठी एक प्रत असते आणि मुलासाठी एक. गुण ठरावीक आकड्याच्या वर गेले की अधिक तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. तापमापक ताप दाखवितो, तापाचे कारण दाखवीत नाही. प्रश्नावलीचेही तसेच आहे.

शनिवार-रविवारला आलेल्या आईने प्रत भरली. तिच्या उत्तरांत गुण भरपूर होते. ‘दर खेपेला एसटी स्टँडवर माझ्या गळ्याला मिठी मारते, सोडत नाही, एकदा उलटीही झाली,’ असे तिने सांगितले. आपल्या नोकरीपायी मुलीचे हाल होत आहेत, अशी तिची खात्री झाली होती. परीक्षेची वाट न पाहता मुलीला मुंबईला न्यायचे, हेही तिने मनाशी ठरविले होते.

आजीची उत्तरे तिच्या तोंडून विचारून मी स्वतः लिहून घेतली. ‘आई-बाबांपासून दूर राहायला घाबरते का?’ ‘छे! तीन वर्षांची असल्यापासून राहते की!’ ‘आई किंवा वडील जातील तेथे मागे मागे फिरते का?’ ‘ते इथे असतात कुठे, डॉक्टर?’ ‘एकटी झोपायला घाबरते का?’ ‘एकटी कशाला झोपेल? माझ्या कुशीत झोपते.’ गुणांची बेरीज जवळजवळ शून्य.

वर्गशिक्षिकेने कळविले की, मुलगी हुशार आणि शांत आहे, वर्गात भांडण नाही, अभ्यासाची भीती नाही. मात्र मधल्या सुट्टीत ती फाटकापाशी जाऊन उभी राहते आणि कोणी ओळखीचे दिसले तर ‘आमच्या आजीला पाहिलंत का?’ असे विचारते.

यांतले खरे कोणते मानायचे?

निवेदने जुळत नाहीत, ते का

अशी तफावत पाहून घरात वाद होतात. आई म्हणते, सासूबाई लपवितात. आजी म्हणते, सून उगाच बाऊ करते. वास्तविक या तफावतीचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. थॉमस आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांची छाननी केली. मुलाच्या वागण्याविषयी वेगवेगळी माणसे जे सांगतात ते किती जुळते, हे त्यांना पाहायचे होते. पूर्ण मेळ असेल तर १ आणि काहीच मेळ नसेल तर ०, अशा मापाने आई-वडील या दोघांमधला मेळ सरासरी ०.६० निघाला. घरचे माणूस आणि शिक्षक अशा, मुलाला निरनिराळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांमधला मेळ अवघा ०.२८ होता. मुलाने स्वतःविषयी सांगितलेले आणि इतरांनी त्याच्याविषयी सांगितलेले यांतला मेळ तर ०.२२ एवढाच.

याचा अर्थ सगळे खोटे बोलतात असा नाही. मूल माणसागणिक आणि जागेगणिक वेगळे वागते, आणि प्रत्येकजण आपल्यापुढे जे घडले तेच सांगतो. आमच्या उदाहरणातील आई मुलीला पाहत होती ती निरोपाच्या घटकेला. एसटी माणगावच्या रस्त्याला लागल्यावर अर्ध्या तासात हीच मुलगी अंगणात लंगडी खेळू लागते, हे पाहण्यास ती तेथे नसे. शिक्षिका पाहत होती ती शाळेचे तास. आजी सगळा दिवस पाहत होती, पण तिला विचारलेले प्रश्न आई-वडिलांविषयीचे होते.

प्रश्नावलीतली नेमकी मेख येथे आहे. परदेशात तयार झालेल्या या विधानांत जागोजागी ‘आई किंवा वडील’ असे शब्द येतात, कारण ती ज्या समाजात लिहिली गेली तेथे मुलाला वाढविणारे बहुधा तेच असतात. निदानपुस्तिका मात्र नुसते आई-वडील म्हणत नाही; ती आधाराच्या माणसाविषयी बोलते. पाच वर्षे आजीच्या कुशीत झोपलेल्या मुलीचे आधाराचे माणूस आजीच होती. आजीने आई-वडिलांविषयीच्या प्रश्नांना अगदी प्रामाणिक उत्तरे दिली, आणि त्यामुळेच बेरीज शून्य आली.

मग प्रत्येक विधानात ‘आई-बाबा’ या जागी ‘तुम्ही’ घालून मी तेच पुन्हा विचारले. आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘न्हाणीत गेले तरी दाराशी उभी असते. वाडीत शिंपायला गेले तर दर दोन मिनिटांनी हाक मारते. रात्री मी श्वास घेते की नाही, ते नाकाशी हात धरून पाहते.’ हे आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर उत्तर आले: ‘त्यात सांगायचं काय? जीव आहे तिचा माझ्यावर.’

एका चांगल्या नियमाचा येथे उपयोग झाला. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःलाही विचारावे, आणि एकट्याला विचारावे. मुलीला मी इतकेच विचारले की, तू शाळेत असताना घरी काय होईल असे तुला वाटते? ती खाली पाहत म्हणाली, ‘आजी पडली तर कोण उठवणार?’

मे महिन्यात विहिरीपाशी आजीला घेरी येऊन ती पडली होती. घरात दुसरे कोणी नव्हते. या मुलीनेच तोंडावर पाणी मारले आणि हाताला धरून आजीला ओटीवर आणून बसविले. आणि आजीने तिला बजावले होते, ‘मुंबईला सांगू नकोस हो, उगाच त्यांना घोर लागेल.’ आठ वर्षांची पोर ते गुपित दीड-दोन महिने एकटी सांभाळत होती, आणि शाळा बुडवून आजीवर पहारा देत होती.

आईच्या निवेदनावर विसंबून मुलीला मुंबईला नेले असते, तर जिच्यासाठी ती झुरत होती तिच्यापासूनच तिला तोडले गेले असते.

सवलतीत झाकलेली भीती

आजी-आजोबांच्या निवेदनात आणखी एक गोष्ट वारंवार निसटते. मुलाला त्रास होऊ नये म्हणून आपण नकळत घराची सारी रीतच बदलून टाकतो. शाळेच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत बसून राहतो. शेजारच्या लग्नाला जात नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलतो. रात्री दिवा मालवीत नाही. मग कोणी विचारले की, ‘मूल घाबरते का?’ तर ‘नाही’ असेच उत्तर येते, कारण घाबरण्याची वेळच आपण येऊ देत नाही.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा: ‘हे मूल घरात नसते, तर मी कोणत्या गोष्टी वेगळ्या केल्या असत्या?’ त्या गोष्टींची यादी डॉक्टरांना द्यावी. मुलाच्या भीतीचे माप कित्येकदा प्रश्नावलीपेक्षा त्या यादीत अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे एली लेबोविट्झ यांनी तर मुलावर प्रत्यक्ष उपचार न करता केवळ पालकांना या सवलती हळूहळू कमी करण्यास शिकविणारी पद्धत विकसित केली. १२४ मुलांवर झालेल्या चाचणीत ती मुलाला थेट दिलेल्या मानसोपचारापेक्षा कमी ठरली नाही.

कमी सांगण्यामागे दुसरेही एक कारण असते, आणि ते उघड बोलणे भाग आहे. ‘मूल रडते’ असे सांगितले तर ‘तुमच्याने सांभाळ होत नाही’ असे मुलगा-सून म्हणतील, मुलाला घेऊन जातील, आणि घर रिकामे होईल, ही भीती आपल्याला असते. ती भीती लाजिरवाणी नाही. पण डॉक्टरांपुढे ती बाजूला ठेवावी, किंवा निदान बोलून दाखवावी. याच्या उलटही घडते. स्वभावाने काळजी करणाऱ्या माणसाला मुलाची प्रत्येक हालचाल भीतीचीच वाटते. आपण कोणत्या बाजूला झुकतो, हे स्वतःला ठाऊक असले म्हणजे निवेदन आपोआप सरळ होते.

दोन आठवड्यांची वही

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. रोज निजण्यापूर्वी चार ओळी पुरेत. त्या लिहिताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

‘हट्टी’, ‘भित्रा’, ‘लाडावलेला’ हे शब्द लिहू नयेत. काय घडले ते लिहावे. ‘सकाळी भित्रेपणा केला’ यावरून काही कळत नाही. ‘साडेसहाला उठताच पोट दुखते म्हणाला, चहा घेतला नाही, मी शाळेत सोबत येते म्हटल्यावर दहा मिनिटांत दुखणे थांबले’ यावरून पुष्कळ कळते.

त्याआधी काय घडले आणि त्यानंतर आपण काय केले, दोन्ही लिहावे. किती वेळ चालले, ते घड्याळात पाहून लिहावे. रडण्याची पाच मिनिटे ऐकणाऱ्याला अर्ध्या तासासारखी वाटतात.

कोणापासून दूर होताना त्रास होतो, त्याचे नाव लिहावे. आई, बाबा, आजी, आजोबा, आत्या, कोणीही असेल. कोणापाशी मूल निर्धास्त राहते, तेही लिहावे.

रविवारची नोंद चुकवू नये. शाळेच्या दिवशी पोट दुखते, पण सुट्टीच्या दिवशी मूल शेजारच्या पाखाडीत दिवसभर एकटे खेळायला जाते, असे असेल तर भीती बहुधा दूर होण्याची नाही, शाळेतल्या कशाची तरी आहे. कोणी दांडगाई करते का, फळा नीट दिसतो का, ऐकू येते का, वाचताना अक्षरे अडतात का, स्वच्छतागृहात जाण्याची धास्ती आहे का, हे मग शोधावे लागते. सुट्टीतही मूल पदर सोडीत नसेल, तर वियोगचिंतेचा विचार बळावतो.

चांगले दिवसही लिहावेत. कोणत्या दिवशी मूल सहज गेले आणि त्या दिवशी काय वेगळे होते, यातच पुष्कळदा उपायाची वाट सापडते.

शेवटची सूचना अशी की, घरातल्या प्रत्येकाने आपले निवेदन वेगळे द्यावे. आईने फोनवरून सांगितलेले आजीने आपल्या वहीत घालू नये. दोघींची उत्तरे जुळली नाहीत, तर डॉक्टरांचे काम अवघड होत नाही, सोपे होते.

किनाऱ्यावरची भीती आणि अवास्तव भीती

आपल्या भागात निवेदन करताना एक तारतम्य लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनीही ते वर्णन आपल्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. पावसाळ्यातील मासेमारी बंदी ३१ जुलैला संपेल आणि १ ऑगस्टपासून जीवना बंदरातल्या होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागतील. दोन महिने घरी असलेले वडील निघताना कोळ्याच्या घरातले मूल रडले, वारा वाढल्यावर ‘बाबा कधी येणार?’ म्हणून दहा वेळा विचारू लागले, तर ते आजारी नव्हे. समुद्र जाणणाऱ्या घरातले ते शहाणे मूल आहे.

वडील सुखरूप परतल्यावरही ते शांत होत नसेल, आभाळ निरभ्र असतानाही शाळेत जात नसेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर ती भीती प्रसंगापेक्षा मोठी झाली असे समजावे. निवेदनात म्हणून नुसती भीती न सांगता तिच्यामागचा प्रसंगही सांगावा: वादळ, अपघात, घरातील मृत्यू, आजार, परदेशगमन. विहिरीपाशी पडलेली आजी प्रश्नावलीत कोठेच नव्हती.

पुढे काय करावे

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून शरीराची तपासणी करून घ्यावी. दुखणे मनामुळे आहे हे गृहीत धरून खऱ्या पोटदुखीकडे दुर्लक्ष होता कामा नये. वही सोबत न्यावी. विकाराची शंका आल्यास मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. गावात असा तज्ज्ञ नसेल, तर केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे आणि ती विनामूल्य आहे. या विकारावर प्रामुख्याने समुपदेशन आणि पायरीपायरीने केलेला सराव हेच उपचार असतात.

पायरीपायरीचा मार्ग आपल्याला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी आली. मुलाला एकदम तोडायचे नाही, अंतर थोडे थोडे वाढवायचे, हे तत्त्व घरीही पाळता येते. आज वर्गाच्या दारापर्यंत, चार दिवसांनी व्हरांड्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत. प्रत्येक पायरीवर मूल स्थिरावले की पुढची.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधून गुपचूप निघून जाऊ नये. त्या क्षणी रडणे वाचते, पण मूल पुढे तुमच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागते. निरोप सांगून, थोडक्यात आणि हसतमुखाने घ्यावा. सांगितलेल्या वेळी परत यावे. ‘रडलास तर सोडून जाईन’, ‘बुवा नेईल’ असली धमकी चेष्टेतही देऊ नये. आणि मोठ्यांचे आजारपण, पैशाची अडचण, घरातले रुसवे यांची गुपिते मुलाच्या ओंजळीत ठेवू नयेत. त्यांचे ओझे त्याला पेलत नाही, आणि ते खाली ठेवण्याची जागाही त्याच्यापाशी नसते.

आमच्या उदाहरणातील घरी उपचाराची सुरुवात आजीपासून झाली. तिच्या रक्तदाबाची तपासणी झाली, अधूनमधून चुकविलेल्या गोळ्या नियमित झाल्या. घेरीची हकीगत मुंबईला कळविली गेली, आणि ती मुलीच्या देखत कळविली गेली. सकाळी अकराच्या सुमारास शेजारीण आजीची विचारपूस करून जाईल असे ठरले, आणि आजी पडली तर कोण उठवणार, या प्रश्नाला एका माणसाचे नाव मिळाले. आईने मुलीला मुंबईला नेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आणि रोज रात्री आठला फोन करण्याचे पाळले. मग व्हरांडा, फाटक, वळण अशा पायऱ्या सुरू झाल्या. मुलगी एका दिवसात बदलली नाही. पोटदुखी आठवड्यातून तीन दिवसांवरून एका दिवसावर आली, आणि रात्री आजीच्या नाकाशी हात धरणे अजून पुरते सुटलेले नाही. तेही वहीत लिहिले जाते.

वाचकहो, या पंधरवड्यात आपल्या नातवंडाविषयी कोणी काही विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. प्रश्नात ‘आई-बाबा’ असा शब्द आला, तरी मुलाच्या मनात त्या जागी कोण आहे याचा आधी विचार करावा. ते माणूस आपणच असलो, तर मुलाच्या प्रकृतीइतकीच आपली प्रकृतीही नीट सांगावी. आपण स्वतःची औषधे वेळेवर घेणे, डोळे तपासून घेणे, न्हाणीत पाय घसरू नये म्हणून आधाराची दांडी बसवून घेणे, हासुद्धा त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.